दोन कुलपांचे आण्णा

परवा आमच्या कंपनीत संकटकाळच्या आराखड्याची बैठक झाली. पुण्याहून आलेली एक चुणचुणीत मुलगी पडद्यावर एकेक काम दाखवत होती. भोंगा कोण वाजवणार, वीज कोण तोडणार, माणसं कोण मोजणार, मागचं दार कोण उघडणार. प्रत्येक कामापुढं एक नाव हवं, आणि तो माणूस रजेवर असेल तर दुसरं नाव हवं, एवढंच तिचं म्हणणं होतं. खोलीतली मंडळी मोबाइलमध्ये डोकं घालून बसली. कुणाचं नाव सुचवलं की तो दचकून शेजाऱ्याकडं बोट दाखवायचा. मला मात्र हसू आवरेना. हीच कामं आपल्याला मिळावीत म्हणून रुसून बसलेली, डबा न उघडता तसाच घरी नेणारी माणसं मी बघितली आहेत. आणि त्या सगळ्या रुसव्याफुगव्यांच्या मधोमध हात जोडून उभे असलेले चौगले आण्णाही.

दिनकरराव चौगले आमच्या जुन्या डेअरीचे प्रशासन अधिकारी. डेअरी कोल्हापूरच्या बाहेर, हमरस्त्याला लागून. तिचं नाव सांगत नाही, कारण तिथले दोन्ही गट अजून धडधाकट आहेत आणि दोघांच्याही घरच्या लग्नपत्रिका मला येतात. मी तिथं प्रयोगशाळेत दूध तपासायची. कुठल्या कॅनमध्ये पाणी किती, हे सांगायचा मला पगार मिळायचा. कुठल्या माणसात पाणी किती, हे फुकटात कळायचं.

आण्णा मूळचे बिद्रीकडचे. गावच्या यात्रा कमिटीचे ते बरीच वर्षं सेक्रेटरी होते. पालखीला पहिला खांदा कुणाचा, अब्दागिरी कुणाच्या हातात, पहिला नारळ कुणी फोडायचा, ही सगळी वाटणी त्यांच्याकडं. त्यांच्या कारकिर्दीत यात्रेत एकदाही कुणाचं डोकं फुटलं नाही, अशी त्यांची ख्याती होती. ती ऐकूनच आमच्या चेअरमनांनी त्यांना डेअरीत आणलं. चेअरमनांना त्यांची गरजच होती. संचालक मंडळात दोन गट, त्यामुळं कामगारांत दोन गट, आणि आमच्या वॉचमनच्या म्हणण्याप्रमाणं गेटावरच्या कुत्र्यांतसुद्धा दोन गट.

पांढरा सफारी, कपाळाला गुलालाचा बारीक ठिपका, पायात करकरणारं कोल्हापुरी पायताण. आण्णा चालताना दोन्ही हात छातीशी जोडूनच चालायचे, म्हणजे कोण समोर आलं तर नमस्कार तयार. हात असे कायम गुंतलेले असल्यामुळं दार उघडायला त्यांना नेहमी दुसरा माणूस लागायचा. बैठकीत चहा आला की ते उठून उभे राहायचे आणि ट्रे हलकेच फिरवायचे, म्हणजे पहिला कप योग्य माणसापुढं यावा. दोन्ही गटांचे पुढारी एकाच खोलीत असले तर ते दोन ट्रे मागवायचे आणि दोन दारांतून एकदमच आत आणवायचे. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. कॅन्टीनची दोन पोरं दारांआड उभी आणि आण्णा मधून मान हलवून खूण करतायत.

"मॅडम, मशीन बिघडलं तर मेस्त्री येतोय," ते मला सांगायचे. "माणूस बिघडला तर कोण येणार हाय? माणूस दुखावता कामा न्हाय बगा." हे वाक्य ते दिवसातून इतक्यांदा म्हणायचे की लोकांनी ते ऐकणंच सोडून दिलं होतं.

एकदा एका जुन्या ड्रायव्हरच्या निवृत्तीचा समारंभ होता. आण्णांनी माइक घेतला. आधी चेअरमनांचा सत्कार, मग माजी चेअरमनांचा, मग दोन्ही गटांच्या ज्येष्ठांचा, मग हार संपले म्हणून उरलेल्यांना गुलाबाचं एकेक फूल. कुणाचा फेटा आधी बांधायचा यावरून थोडी कुजबुज झाली, तीही त्यांनी मिटवली. सगळे खूश होऊन जेवायला गेले. ड्रायव्हर तेवढा खुर्चीत बसून राहिला. त्याचं नाव घ्यायचं राहून गेलं होतं. आण्णांच्या ते लक्षात आलं तेव्हा ते म्हणाले, "त्यो आपलाच माणूस हाय, त्यो काय रुसतोय व्हय." तो खरंच रुसला नाही. गाडीची चावी टेबलावर ठेवून तो घरी गेला.

तर अशा माणसाच्या हातात एके दिवशी सरकारनं संकटाचं नियोजन दिलं.

त्याचं असं झालं. दूध थंड ठेवायला अमोनिया वायू लागतो. तो पाइपातून गपगुमान फिरतो तोवर ठीक, बाहेर आला की डोळे आणि घसा जाळतो, आणि जास्त झाला तर जीव घेतो. दुसऱ्या कुठल्या तरी जिल्ह्यात एका शीतगृहात गळती झाली, आणि मग कारखाना निरीक्षक आमच्याकडं येऊन दम देऊन गेले. कुणाचं काम काय हे नावानिशी ठरवा, लोकांना शिकवा, आणि पॅकिंगच्या मागच्या शटरचं काहीतरी करा.

पॅकिंगच्या शटरचं सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. पॅकिंगचा हॉल लांबट. तिथं चाळीसेक बायका दुधाच्या पिशव्या क्रेटमध्ये भरायच्या. हॉलचं पुढचं दार ज्या बोळात उघडायचं, त्याच बोळात अमोनियाची कॉम्प्रेसर खोली होती. म्हणजे वायू सुटला तर पुढचं दार असून नसल्यासारखं. मागं मोठं लोखंडी शटर होतं, ते सरळ अंगणात उघडायचं. पण मागं कधीतरी तिथून पिशव्या चोरीला गेल्या म्हणून ते बाहेरून कुलूप घालून बंद ठेवलेलं. यांशिवाय भिंतीत एक चौकोनी भोक, त्यातून क्रेट पट्ट्यावर सरकत गाडीपाशी जायचे. बस्स, एवढंच.

या बायकांची मुकादम इंदू कांबळे. आवाज खणखणीत, कमरेला पदर खोचलेला, चेअरमन समोर आले तरी हातातलं काम न थांबवणारी. तिचं मागणं एकच होतं. शटरचं कुलूप काढा, नाहीतर ते आतून लावा आणि किल्ली हॉलमध्ये खिळ्याला लटकवा. बालवाडीतल्या पोरालाही पटेल असं मागणं होतं. पण इंदूच्या मागं कुठलाच गट नव्हता, पॅकिंगच्या बायका कुणाच्या मतदार नव्हत्या, आणि ती कांबळे होती. हे तिसरं कारण कुणी तोंडानं बोलायचं नाही, मानाच्या वाटणीत मात्र ते बरोबर मोजलं जायचं.

आण्णा कामाला लागले. निरीक्षकांनी कामं वाटायला सांगितली होती, आण्णांनी मान वाटले. मुख्य नियंत्रक म्हणून चेअरमन. ते कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या ऑफिसात बसायचे आणि डेअरीत सणावारालाच उगवायचे, पण पहिलं नाव दुसऱ्या कुणाचं घालणार? भोंग्याचा मान चेअरमन गटाच्या हिंदुराव तात्यांना. हे वाहतूक विभागाचे प्रमुख. भोंगा तात्यांना गेला म्हटल्यावर विरोधी गटाचे शामराव बापू, म्हणजे आमचे स्टोअरकीपर, दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग आण्णांनी त्यांच्यासाठी एक शिट्टी काढली. पितळेची, लाल गोंड्याची. "भोंगा काय, बटन दाबलं की कुणाचाबी वाजतोय," त्यांनी बापूंची समजूत घातली. "शिट्टीला दम लागतोय." प्रथमोपचाराचा मान वयाकडं बघून कॅशियरना दिला. त्यांना रक्त बघितलं की घेरी यायची, पण आणखी वर्षभरात ते निवृत्त होणार होते आणि त्यांना अजून काहीच मिळालं नव्हतं.

राहिलं शटर. ते तात्यांनाही हवं होतं आणि बापूंनाही. कारण शटर उघडणारा माणूस म्हणजे जीव वाचवणारा, आणि तसा फोटो निघाला तर पुढच्या निवडणुकीला उपयोगी. आण्णांनी आठवडाभर विचार केला. त्यांच्या गावच्या देवळातल्या दानपेटीला दोन कुलपं होती, दोन घराण्यांची, आणि दोघे हजर असल्याशिवाय पेटी उघडायची नाही असा रिवाज होता. शटरलाही कड्या दोनच असतात, डावी आणि उजवी. आण्णांचा चेहरा उजळला. डाव्या कडीला तात्यांचं कुलूप, उजव्या कडीला बापूंचं. ज्याची त्याची किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात.

हा निर्णय सांगायला बैठक बोलावली, तिथं इंदूही आली. तिला बोलावलं नव्हतं.

"आण्णा, एक इचारतो," ती दारातनंच म्हणाली. "वायू सुटला तर आमी आधी तात्यांच्या घरला जायचं का बापूंच्या?"

"इंदूताई, असं वंगाळ बोलू नये. दोगंबी तुमच्यासाठीच हाईत की."

"मग कुलपं आतनं लावा आन एकेक किल्ली आमच्याकडं द्या. खिळा मी ठोकतो."

"तुमास्नी देऊन कसं चालंल? एकाची दिली तर दुसरा म्हणणार माझी का न्हाय. दोगांची दिली तर दोगंबी म्हणणार, मग आमी कशाला?"

"तेच इचारतो मी. तुमी कशाला?"

तात्या आणि बापू आयुष्यात पहिल्यांदा एकाच बाजूला होते. आण्णा हात जोडून उठले आणि म्हणाले, "चहा घेऊन जावा." इंदूनं चहा घेतला नाही. त्या चहाचं आण्णांना फार लागलं, पुढं कितीतरी दिवस ते मला सांगत होते की त्या बाईनं साधा चहासुद्धा नाकारला.

आराखड्याचा फ्लेक्स झाला. कोल्हापुरात फ्लेक्सशिवाय बारसं होत नाही, तिथं संकट कसं येणार? गेटापाशी भलामोठा फलक, वर 'आपत्कालीन मानकरी' असं लिहिलेलं. मी थट्टा करत नाही, मानकरी असंच लिहिलं होतं. मधोमध चेअरमन गॉगल लावून. दोन बाजूंना तात्या आणि बापू, दोघांचे फोटो आण्णांनी स्वतः पट्टी लावून सारखे करून घेतलेले. कॅशियरांचा चेहरा एका कोपऱ्यात, जरा घाबरलेला. अग्निशामक दलाचा नंबर सगळ्यात खाली होता, आणि त्याच्यापुढं शोभेच्या कुंड्या मांडल्या होत्या.

मग सराव झाला. त्याला आण्णांनी मांडव घातला. भाषणं झाली, दोन्ही गटांची, सारख्या वेळाची. पॅकिंगच्या बायकांना सांगून ठेवलं होतं की माइकवरून नाव पुकारल्याशिवाय जागचं हलायचं नाही. शेवटी तात्यांनी भोंगा वाजवला, बापूंनी शिट्टी फुंकली, फोटोग्राफर सरसावला, आणि दोघांनी एकाच वेळी आपापली किल्ली फिरवली. तात्यांची जरा आधी फिरली म्हणून पुन्हा एकदा कुलूप लावून घेतलं. शटर वर गेलं आणि बायका रांगेनं बाहेर आल्या. बाहेर येणाऱ्या प्रत्येकीला आण्णांनी गुलाबाचं फूल दिलं.

इंदूच्या मागं चंदगडची शेवंता होती. चंदगडच्या डोंगरातल्या माणसांना एका बांधावरून दुसऱ्या बांधावरच्या माणसाशी बोलायची सवय असते, तसा तिचा आवाज. हॉलमधली सगळी मशीनं चालू असली तरी तिनं या टोकाहून मारलेली हाक त्या टोकाला पोचायची. ती फूल हुंगून म्हणाली, "अक्का, खरं संकट आलं तर फुलं मिळत्यात काय गं?" इंदू म्हणाली, "आधी भाषणं व्हतील. तवर टिकलीस तर मिळंल." आण्णांनी ते ऐकलं आणि हसण्यावारी नेलं.

आणि मग एका दुपारी कॉम्प्रेसरच्या खोलीत पाइपाचा सांधा सुटला.

मी प्रयोगशाळेत होते. पहिल्यांदा नाकात झिणझिण्या आल्या, मग डोळ्यांतून पाणी. तोंडावर ओला रुमाल धरून मी अंगणात आले, तर तिथं निम्मी डेअरी जमली होती आणि सगळे भोंग्याच्या बटणाकडं बघत उभे होते. बापू बटणाच्या हातभर अंतरावर होते.

"दाबा की," मी म्हटलं.

"भोंगा तात्यांचा हाय," बापू म्हणाले. "उगं नंतर बोल नको."

मीच बटण दाबलं. बापूंनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांच्या देव्हाऱ्यातला देव हलवला होता. मी विचारलं, "शिट्टी कुठाय?" तर शिट्टी त्यांच्या घरी शोकेसमध्ये होती, सरावाच्या फोटोशेजारी.

पण बापूंच्या पदरात त्यांचं श्रेय घातलं पाहिजे. ते शटरकडं धावले, खिशातून किल्ली काढली आणि उजवं कुलूप काढलं. काढलं आणि बाजूला झाले. "माझं झालं," ते म्हणाले, आणि खरंच अंगणाच्या कडेला जाऊन उभे राहिले. शटर डावीकडून तसंच घट्ट होतं. आतून बायका ते बडवत होत्या. शेवंताचा आवाज सगळ्यांत वर ऐकू येत होता, "उगडा, अहो उगडा की," आणि मधेच खोकला.

तात्या त्या दिवशी शाहूपुरीत चेअरमनांबरोबर होते. आण्णा शटरसमोर उभे राहून फोनवर बोलत होते. तो फोन मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"तात्या, कुठं हायसा? जेवलासा का? न्हाय, काय न्हाय, जरा वायू सुटलाय हितं. न्हाय न्हाय, तुमी सावकाश या, गाडी दमानं चालवा. पण लगीच आलासा तर बरं हुईल."

वॉचमन पहार घेऊन आला. कुलूप साधंच होतं, दोन दणक्यांचं काम. त्यानं पहार उगारली आणि आण्णांनी त्याचा हात धरला.

"थांब. तात्यांचं कुलूप हाय ते."

"आण्णा, आत बायका हाईत."

"व्हय की. म्हणूनच इचारतोय त्यास्नी. हो म्हणू देत, मग मार."

आणि वॉचमन थांबला. त्याला नोकरी टिकवायची होती. आम्ही सगळेच थांबलो, कारण आण्णांचा हात त्या पहारेवर इतका हळुवार होता की त्यात काही भयंकर चाललंय असं वाटतच नव्हतं.

इंदू मात्र तात्यांच्या परवानगीची वाट बघत बसली नाही. तिनं भिंतीतल्या त्या चौकोनी भोकाकडं बायका ढकलल्या आणि एकेकीला आडवं घालून क्रेटच्या पट्ट्यावरून बाहेर सोडलं. गाडी भरणारी माणसं पिशव्यांची वाट बघत होती, त्यांच्यापुढं पिशव्यांऐवजी त्यांच्या आयाबहिणी येऊ लागल्या. कुणाचं कोपर सोललं, कुणाच्या केसांत दूध. शेवंता अंगानं थोराड. ती भोकात अडकायच्या भीतीनं मागं मागं राहत गेली. इंदूनं तिला शेवटी जबरदस्तीनं घातलं आणि तिच्यामागून स्वतः आली. बाहेर आल्यावर शेवंताचे डोळे उघडत नव्हते. ती तोंड उघडून काहीतरी सांगत होती, पण आवाज येत नव्हता.

तोवर कॉम्प्रेसरवरच्या माणसानं वायूचा व्हॉल्व्ह बंद केला होता. त्याला कुठलाच मान दिलेला नव्हता, त्यामुळं त्याला कुणाला विचारावं लागलं नाही. तात्या आले ते सगळं संपल्यावर. ते थेट शटरपाशी गेले, आपलं कुलूप काढलं आणि इकडंतिकडं बघितलं. फोटोग्राफर नव्हता.

संध्याकाळी गेटावरचा फ्लेक्स गायब झाला. चौकशी लागली तेव्हा गंमत बघायला मिळाली. चेअरमन म्हणाले, आपल्याला कुणी विचारलंच नव्हतं. तात्या म्हणाले, भोंगा नावापुरता होता. बापू म्हणाले, आपण तर कुलूप काढलं होतं. ज्या माणसांनी महिनाभर या मानांसाठी एकमेकांची तोंडं बघितली नव्हती, ती आता एकमेकांकडं मान ढकलत होती. आण्णांना आयुष्यात पहिल्यांदा असं काहीतरी वाटून द्यायचं होतं जे कुणालाच नको होतं. त्यांनी तेही जमवलं. जबाबदारी सामूहिक आहे, असं त्यांनी लिहून दिलं. सामूहिक म्हटलं की कुणीच दुखावत नाही.

शेवंताचे डोळे वाचले. घसा गेला तो गेलाच. ती कामावर परत आली तेव्हा तिचं बोलणं ऐकायला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागायचा. आण्णा तिला बघायला दवाखान्यात गेले होते, फळांच्या दोन पिशव्या घेऊन, दोन्ही गटांतर्फे एकेक. मला त्या माणसाचा तेव्हा राग आला, आणि तो गेलेला नाही. वाईट माणूस समोर असला तर आपण सावध तरी असतो. हा कुणाचं वाईट चिंतणारा नव्हता. त्याला फक्त बाहेरच्या दोन माणसांचं मन मोडवत नव्हतं, आणि आतल्या चाळीस जणींना मन असतं हे त्याच्या हिशेबातच नव्हतं.

निरीक्षकांनी या वेळी लेखी हुकूम दिला. शटरच्या जागी नवं दार बसवा, आतून नुसता दांडा दाबला की उघडणारं. दार आलं. हिरवंगार, मजबूत. ते बसलं त्याच दिवशी आण्णांनी त्याच्या चौकटीला आडवी लाल रिबीन बांधली, आणि बायकांनी उद्घाटनाआधीच दार वापरायला काढू नये म्हणून दांड्याला साखळी घालून कुलूप लावलं.

उद्घाटनाची तारीख ठरेना. चेअरमनांना आमदारांच्या हस्ते हवं होतं, विरोधी गटाला त्यांच्या नेत्याच्या हस्ते. आण्णा या ऑफिसातून त्या ऑफिसात नमस्कार करत फिरत होते. त्यांची निवृत्ती जवळ आली होती आणि हा शेवटचा कार्यक्रम निर्विघ्न व्हावा एवढीच त्यांची इच्छा होती. हॉलमध्ये मात्र बायका पुन्हा बंद दाराआड पिशव्या भरत होत्या, आणि पाइपाला जरा फुसकन आवाज झाला की सगळ्यांचे हात थांबायचे.

एके दिवशी मी पिशव्यांचे नमुने घ्यायला हॉलमध्ये गेले तर मशीनं बंद. बायका पट्ट्याला पाठ लावून उभ्या होत्या. दार उघडं झाल्याशिवाय काम नाही, असं इंदूनं सांगून टाकलं होतं. गाड्या खोळंबलेल्या. आण्णा लगबगीनं आले.

"इंदूताई, आठ दिवस दम काढा. साहेबांची तारीख मिळाली की झालंच. मोठा कार्यक्रम करूया. तुमचाबी सत्कार ठेवलाय."

"किल्ली कुणाकडं हाय?"

"माझ्याकडंच की. म्हटलं ह्या टायमाला कुणालाच द्यायची न्हाय, म्हंजे भांडण न्हाय."

इंदूनं हात पुढं केला. आण्णांनी सवयीनं इकडंतिकडं बघितलं. विचारायला कुणी नव्हतं. तात्या नव्हते, बापू नव्हते, नुसत्या बायका. तेवढ्यात शेवंता पुढं आली आणि काहीतरी बोलली. आण्णांना ऐकू आलं नाही.

"काय म्हणतीस?"

ती पुन्हा बोलली. आण्णांना खाली वाकून तिच्या तोंडाशी कान न्यावा लागला. ते तसेच वाकलेले राहिले, जरा जास्तच वेळ. ती काय म्हणाली ते मला कळलं नाही आणि मी नंतर कधी विचारलंही नाही. आण्णा सरळ झाले तेव्हा त्यांचे हात जोडलेले नव्हते. त्यांनी खिशातून किल्ली काढली, इंदूच्या हातात न देता एका पालथ्या क्रेटवर ठेवली आणि भिंतीकडं तोंड केलं.

"मी दिली असं कुठं बोलू नका," ते भिंतीला म्हणाले. "हिसकावून घेतली म्हणा. म्हंजे कुणी नाराज व्हायला नको."

इंदूनं कुलूप काढलं, साखळी खाली टाकली आणि दांडा दाबला. दार उघडलं. समोर अंगण, आणि मधे आडवी ती लाल रिबीन. इंदूनं कमरेला खोचलेली पिशव्या कापायची कात्री काढली.

"रिबीन न्हाय," आण्णा एकदम वळून म्हणाले. "तेवढी ठेवा. साहेबांस्नी काय सांगू मी?"

इंदू कात्री हातात धरून त्यांच्याकडं बघत राहिली. मग आण्णा स्वतः दारापाशी गेले आणि दोन बोटांनी रिबीन वर उचलून धरली. "जावा," ते म्हणाले. "खालनं जावा. चालून बघा एकदा."

बायका एकेक करून वाकून बाहेर पडल्या आणि आण्णा प्रत्येकीला मान झुकवून नमस्कार करत राहिले, एकाच हातानं. पुढच्या महिन्यात मी ती नोकरी सोडली, त्यामुळं माझ्या डोळ्यांपुढं ते तसेच उभे आहेत. शेवंता सगळ्यांच्या शेवटी आली. तिला आण्णांनी नमस्कार केला नाही, तिच्याकडं बघितलंही नाही. त्यांनी दोन्ही हातांनी ती रिबीन, चवड्यांवर उभं राहून, पोचेल तेवढी वर धरली.